मंडईपर्यंतचे नऊ महिने

वारजे माळवाडीत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी गेली चौदा वर्षं जर्मन शिकवते. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात काही तयार वाक्यं द्यायची असतात. त्यातलं एक मी आता देत नाही. समोरचा काय बोलला ते कळलं नाही, तर हसून म्हणायचं, ‘या, झेअर गूट.’ म्हणजे, ‘हो, फार छान.’ दुकानात, विमानतळावर, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी, कुठेही खपून जातं. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फुटाण्यासारखं वाटलं. भिलारेकाकांनाही मीच दिलं. त्यांच्यानंतर बंद केलं.

एकनाथ भिलारे शहराच्या बसवर बत्तीस वर्षं कंडक्टर होते. माझ्याकडे आले तेव्हा निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. ऑगस्टातली दुपार होती. दारात पांढरा शर्ट, खाकीच्या जवळपासची पँट आणि चौकटीला पाठ लावून दोन्ही पाय फाकवून उभा असलेला उंच माणूस पाहून मला वाटलं, मीटरचं रीडिंग घ्यायला कुणी आलंय. मी म्हटलं, “मीटर खाली आहे.”

“मीटर न्हाई मॅडम. जर्मन.”

मी आत या म्हटलं. आत येऊन ते पुन्हा उभेच. बसा म्हटलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, सवय हाय.” नंतरही ते वर्गात कधी पहिला अर्धा तास बसले नाहीत. पुस्तकांच्या कपाटाला पाठ टेकून, बस वळण घेतेय अशा बेताने गुडघे जरासे सैल सोडून उभे राहायचे. माझी खराडीला नोकरी करणारी पोरंपोरी आधी हसली, मग त्यांना सवय झाली.

“मॅडम, जर्मनचे टप्पे किती?”

“टप्पे?”

“स्टेज वो. इथून निघालं तर मधी स्टेज किती लागत्यात?”

मला असल्या प्रश्नांचा कंटाळा येतो. मी म्हटलं, “तुम्हाला उतरायचंय कुठे, त्यावर आहे.”

“नातीशी बोलायचंय. सात वर्षांची हाय. तिला मराठी येत न्हाई. मे महिन्यात जायाचंय.”

मी बोटांवर मोजलं. नऊ महिने होते. चौसष्टाव्या वर्षी, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, आणि नऊ महिने. मी स्पष्टच सांगितलं की फार होणार नाही. ते म्हणाले, “फार नकोच हाय. पुरतं पायजे.”

दुसऱ्या दिवशी ते शंभरपानी वही घेऊन आले. वहीचे त्यांनी नऊ भाग केले होते आणि प्रत्येक भागावर महिन्याच्या नावाखाली एकेका बसस्टॉपचं नाव होतं. ऑगस्टला माळवाडी, सप्टेंबरला गणपती माथा, मग कर्वेनगर, कर्वे पुतळा, पौड फाटा, असं करत मार्चमध्ये शनिपार आणि एप्रिलला मंडई. ज्या मार्गावर त्यांनी सगळ्यात जास्त वर्षं काढली तोच मार्ग. प्रत्येक स्टॉपखाली त्या महिन्यात काय यायला हवं ते लिहिलेलं. माळवाडीला नाव, गाव, वय. गणपती माथ्याला खाणंपिणं. कर्वेनगरला रंग आणि जनावरं. नळ स्टॉपला ‘बसच्या गमती’ असा स्वतंत्र धडा होता. मी चौदा वर्षांत इंजिनियर शिकवले, नर्सा शिकवल्या, पण महिन्यामहिन्याचा इतका साफ बेत कुणाचा पाहिला नव्हता.

फक्त मंडईच्या पानावर काही नव्हतं. वर ‘एप्रिल’ आणि ‘मंडई’, खाली रिकामं.

“हे राहिलं का?” मी विचारलं.

“ते शेवटी बघू,” म्हणाले आणि वही मिटली.

बसच्या मार्गावर ठरावीक अंतराने स्टेज येते. ती आली की कंडक्टरने आधीच्या स्टेजचं काम पुरं करून ती बंद करायची आणि मगच पुढच्या तिकिटांना हात घालायचा. काका जर्मन तसंच शिकले. वाक्य पाठ झालं, माझ्यासमोर तीनदा न अडखळता म्हणून झालं, की खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना लोखंडी पंच काढायचे आणि वहीच्या कडेला त्या वाक्यासमोर टक्‌ करून भोक पाडायचे. नोकरी सुटताना पंच जमा करायचा असतो. त्यांनी दुसराच कुणाचा तरी जमा केला होता. हे त्यांनी मला फार नंतर, अर्धवट लाजत सांगितलं. महिन्याची सगळी वाक्यं भोकं पडून झाली की पानाखाली रेघ मारून लिहायचे, ‘स्टेज बंद.’ एकही वाक्य उरलं असेल तर पुढचं पान उघडायचं नाही. ऑक्टोबरात ‘गाढव’ हा शब्द तोंडात बसेना, तर नोव्हेंबरचे पाच दिवस त्या गाढवापायी गेले.

उच्चार मात्र त्यांचे असे होते की मला माझे चांगले विद्यार्थी शरमावेत असं वाटायचं. तीस वर्षं चालत्या बसमध्ये मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलेला आवाज. शब्द सुटा, स्वच्छ, शेवटचं अक्षर न गिळता. देवनागरीत लिहून घेतलेलं जर्मन ते असं म्हणायचे की डोळे मिटले तर वाटावं, कुणी तिथलाच स्टेशनमास्तर बोलतोय. मी त्यांना वरचेवर ‘झेअर गूट’ म्हणायचे. तशी मी कुणाला लवकर म्हणत नाही.

सरावासाठी ते बसने जायचे. सकाळी साडेदहाची, गर्दी ओसरलेली बस धरायची, माळवाडीहून मंडई, आणि परत. निवृत्त माणसाला पास असतो. वही मांडीवर घेऊन बसायची काही सोय नव्हती, कारण ते बसमध्येही बसत नसत. दांड्याला पाठ लावून पुटपुटत उभे. एकदा मलाही मंडईत जायचं होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. डेक्कनच्या पुढे एका माणसाने कंडक्टरला सांगितलं, आत्ताच चढलो. काकांनी त्याच्याकडे एक क्षण पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, “नळ स्टॉपचा हाय. मागंच चढलाय, पैसे वाचवतोय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चेहरा वो. खोटं सांगणारा तिकीट मागताना आपल्याकडं जरा जास्तच बघतो. बत्तीस वर्षं तेच पाहिलं.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“काय करायचं? म्हणंल ते तिकीट द्यायचं. त्याचं त्याला ठाऊक असतंय की.”

वर्गातही हा खेळ चालायचा. कुणी म्हणालं की गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली, की सगळे काकांकडे बघायचे. काका कपाटाशी उभे राहून नुसते म्हणायचे, “नळ स्टॉप.” खोली हसून कोसळायची. माझ्या वर्गात इतकं हसणं आधी कधी नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

पण एका बाबतीत त्यांनी माझं ऐकलं नाही. जानेवारी आला तरी त्यांच्या वहीत फक्त त्यांची वाक्यं होती. नातीने उत्तर काय दिलं तर काय, याची एक ओळ नाही. मी म्हटलं, “काका, ऐकायला शिकायला हवं. ती पण बोलेल ना.”

“ती बोलंल की.”

“मग तुम्हाला कळायला नको?”

“मॅडम, कंडक्टरला सगळी गाडी काय बोलती ते कशाला ऐकायचं? कुठं जायाचं ते सांगितलं, बास. आधी माझं नीट होऊ द्या. माझं बोलून होऊ द्या.”

त्यांचं काही चुकतंय हे मला दिसत होतं. पण पौड फाट्याची स्टेज बंद व्हायला आधीच उशीर झाला होता, मेपर्यंत मंडई गाठायची होती, आणि माझ्याकडे त्या महिन्यात परीक्षेला बसणारी बारा मुलं होती. मी सोपा रस्ता दिला. म्हटलं, “बरं, मग ती जे काही बोलेल त्यावर हसून म्हणा, ‘या, झेअर गूट.’ लहान मुलं तेवढ्यावर खूश असतात.”

त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. तीन वेळा म्हटलं. टक्‌.

मार्चच्या शेवटी शनिपारची स्टेज बंद झाली आणि मंडईचं रिकामं पान समोर आलं. त्या दिवशी ते वर्ग सुटल्यावर थांबले. पहिल्यांदाच स्वतःहून खुर्चीवर बसले.

त्यांची बायको, लीला, मुलगी दहा वर्षांची असतानाच गेली होती. मुलीला त्यांनी एकट्याने वाढवलं. उज्ज्वला तिचं नाव. शाळा सुटली की ती त्यांच्या बसमध्ये चढायची आणि ड्युटी संपेपर्यंत कंडक्टरच्या सीटवर बसून अभ्यास करायची. त्याच सीटवर तिची दहावी झाली. मग इंजिनियर झाली, खराडीला कंपनीत लागली, तिथून जर्मनीला गेली. आणि एक दिवस तिचा फोन आला, की तिथल्याच थॉमस नावाच्या सहकाऱ्याशी तिने लग्न केलंय.

“मला विचारलं न्हाई मॅडम. कळवलं,” काका म्हणाले. “एवढंच होतं. पोरगा चांगला असंल, वाईट असंल, मला काय ठाऊक. पर मला कळवलं.”

त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत. आठ वर्षं. दर पाडव्याला सकाळी तिचा फोन यायचा. ते फोनशेजारी बसून राहायचे, वाजून बंद होईपर्यंत. “घरातच असायचो मी,” ते म्हणाले. मुलगी झाल्याचंही तिने पत्राने कळवलं होतं, ते पत्र त्यांनी फोडलं नव्हतं. मग आदल्या वर्षी उज्ज्वलाची खराडीतली मैत्रीण घरी आली आणि तिने सांगितलं, उज्ज्वला गेली. सहा महिने आजारी होती. त्या पाडव्यालाही फोन आला होता. पत्र त्यांनी त्यानंतर फोडलं. नातीचं नाव लीला ठेवलं होतं. पुढे त्याच मैत्रिणीने थॉमसशी बोलून या भेटीचं जुळवलं.

“मंडईला ते सांगायचंय,” काका म्हणाले. “पोरीला. की तुझ्या आईशी मी...” आणि थांबले.

मी वही पुढे ओढली. म्हटलं, “आधी मराठीत सांगा. मी जर्मन करून देते.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला. पाणी मागितलं. पाणी पिऊन पेला स्वतः आत नेऊन विसळून ठेवला. परत आले आणि म्हणाले, “उद्या.” असे एप्रिलचे तीस दिवस गेले. रोज येऊन कपाटाला टेकून उभे राहायचे, मागची वाक्यं घोकायचे, आणि मंडईचं पान उघडायचे नाहीत. मराठीतच ते वाक्य निघत नव्हतं. मी दोन-तीनदा विषय काढला, मग सोडून दिला. माणसाला असं ढोसून बोलतं करायचं मला जमत नाही. निघताना म्हणाले, “तिथं गेल्यावर येईल आपोआप.” मला ते खोटं वाटलं, आणि त्यांनाही वाटत असणार.

आठ दिवस ते तिकडे होते. परत आले ते इतके खुलून, की दार उघडल्यावर मी बसा न म्हणताच ते सोफ्यावर बसले. नात हसते कशी, समोरचे दोन दात पडलेत, बसची चित्रं काढते, सगळं सांगत होते. मी विचारलं, “मंडई?”

“पुढच्या खेपेला,” ते म्हणाले. चेहरा तेवढ्यापुरता उतरला.

चार दिवसांनी ते पुन्हा आले, हातात फोन. थॉमसचा इंग्रजीत निरोप होता. मी वाचला. ‘तुम्ही लीलाला जे सांगितलंत, त्यानंतर काही काळ फोन करू नये अशी विनंती आहे. तिला त्रास होतोय.’

“काय सांगितलं मी?” काका विचारत होते. “मॅडम, पाठ केलेल्याच्या बाहेर मी एक शब्द बोललो न्हाई. सगळं पंच केलेलं. त्यात काय चुकीचं होतं का?”

त्यांच्याकडे एक व्हिडिओ होता. शेवटच्या दिवशी त्यांनी आपला फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, मला दाखवायला, की बघा, स्टेज कशा पार पडल्या. सात मिनिटांचा. आम्ही दोघांनी तो माझ्या टेबलावर पाहिला. दोन वेण्या घातलेली मुलगी लाल बस रंगवत होती. काका विचारत होते, तुला कोणता रंग आवडतो, तुझ्या मैत्रिणीचं नाव काय. काय सुंदर विचारत होते! ती लांबलचक उत्तरं देत होती, मध्येच काहीतरी उलट विचारत होती, आणि काका हसून म्हणत होते, “या, झेअर गूट.” दरवेळी निभावलं होतं. इतकं स्वच्छ बोलणाऱ्या आजोबांना आपलं कळत नाही, असं त्या पोरीला का वाटावं?

सहाव्या मिनिटाला तिने रंगवायचं थांबवलं. वर न बघता विचारलं, “माझ्या आईने काहीतरी वाईट केलं होतं, म्हणून तू तिच्याशी बोलत नव्हतास का?”

पडद्यावरचे काका तोंडभर हसले. “या,” ते म्हणाले. “झेअर गूट.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने स्केचपेनला टोपण लावलं आणि ती उठून गेली. काकांनी फोनकडे वळून मला अंगठा दाखवला, झालं म्हणून.

“ती शेवटी काय म्हणाली?” काकांनी विचारलं. “उठून का गेली?”

मी म्हटलं, “परत कधी येणार, असं विचारत होती. मग बाबांना बोलवायला गेली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मी नजर काढून घेतली नाही, आणि तिथेच माझं चुकलं, कारण मी त्यांच्याकडे जरा जास्तच बघत होते. ते म्हणाले, “बरं.” फोन खिशात घातला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी थॉमसला जर्मनमध्ये लिहिलं, की त्यांना प्रश्न समजला नव्हता. त्याचं उत्तर तासाभरात आलं. त्याने लिहिलं होतं, ‘मलाही तसंच वाटलं. मी लीलाला समजावलं, पण दीड वर्ष ती हा प्रश्न घेऊन बसली होती आणि तिला उत्तर मिळालं. ते आठ दिवस इथे होते. वाघ, आंबे, बस, सगळ्यावर बोलले. उज्ज्वलाबद्दल एक शब्द नाही. खरं उत्तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे का?’

मला माहीत होतं. ते सांगायचा अधिकार माझा नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली. खरं असं की ते लिहिलं असतं तर ते तयार वाक्य कुणी शिकवलं, तेही लिहावं लागलं असतं, आणि मला लाज वाटत होती. आठवड्याने धीर करून सगळं लिहिलं, तेव्हा निरोप पोचेना. नंबर बंद झाला होता. उज्ज्वलाच्या मैत्रिणीलाही त्याने नवा नंबर दिलेला नव्हता.

जुलै महिन्यात काका नवी वही घेऊन आले. या वेळी सात भाग. स्टॉपची नावं नाहीत, नुसते महिने, आणि प्रत्येक महिन्यापुढे एक मिनिट.

“आता ऐकायला शिकतो,” ते म्हणाले. “त्या व्हिडिओत पोरगी काय काय बोलली, ते एकेक महिन्याला एकेक मिनिट. तुम्ही सांगायचं न्हाई. मी काढतो.”

मी म्हणू शकले असते, की काका, मी खोटं बोलले, सहाव्या मिनिटाला असं असं आहे. म्हटलं नाही. उलट जे केलं ते याहून वाईट. तिसरं मिनिट मी त्यांना तीन महिने करायला लावलं. चुका नव्हत्या तिथे चुका काढल्या, उच्चार ऐकून लिहिण्याचे निराळेच धडे मध्ये घातले. वाटलं, कंटाळतील. कंटाळून सोडतील. ते सगळं निमूट करायचे. फक्त एकदा वही मिटताना म्हणाले, “मॅडम, गाडी तुम्ही मुद्दाम हळू काढताय. काढा. शेवटी स्टॉप यायचा तो येणारच हाय.” रागाने नव्हे. त्यांचा स्वर नेहमीचाच होता.

याच काळात त्यांनी लीलाच्या वाढदिवसाला फ्रॉक पाठवला होता, तो परत आला. पार्सलवर जर्मनमध्ये एक चिठ्ठी चिकटवलेली. मी वाचायला हात पुढे केला, तर त्यांनी पार्सल आपल्याकडे ओढलं आणि बोट ठेवत, एकेक शब्द लावत स्वतः वाचलं. ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही.’ माझ्या मदतीशिवाय त्यांनी वाचलेलं ते पहिलं जर्मन. बरोबर वाचलं होतं.

सहावं मिनिट फेब्रुवारीत आलं. त्या महिन्यात दोन आठवडे ते वर्गाला आले नाहीत. तिसऱ्या सोमवारी सकाळी मी माळवाडीच्या स्टॉपवर गेले. साडेदहाची बस यायची होती. काका बाकावर बसले होते. बसले होते, म्हणूनच मला आधी ओळखू आले नाहीत.

मी शेजारी बसले. त्यांनी वही माझ्याकडे दिली. मुलीचा प्रश्न देवनागरीत, अचूक लिहिलेला. खाली मराठी अर्थ, तोही अचूक. त्याखाली त्यांचं स्वतःचं उत्तर, आणि त्याचा अर्थ. ‘हो. फार छान.’ त्याखाली रेघ. स्टेज बंद.

“काका, मी त्या दिवशी...”

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “मला तवाच कळलं होतं. नळ स्टॉप.”

यावर हसायचं होतं. कुणीच हसलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून पहिली, जुनी वही काढली. मंडईचं पान भरलेलं होतं. कोश घेऊन, खाडाखोड करत, त्यांनी ते स्वतः तयार केलं होतं. पंच हातात घेतला, पानाच्या कडेला नेला, आणि पुन्हा खिशात ठेवला.

“मारा ना,” मी म्हटलं.

“प्यासिंजर नसताना मारायचा नसतो मॅडम,” ते म्हणाले. “बरोबर हाय का तेवढं ऐका.”

आणि रस्त्याकडे बघत त्यांनी ते म्हटलं. नेहमीच्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा, शेवटचं अक्षर न गिळता. लीला, तुझ्या आईने काहीही वाईट केलं नव्हतं. वाईट मी वागलो. ती फोन करायची तेव्हा मी घरातच असायचो. तीन वाक्यं होती. मी चौदा वर्षांच्या सवयीने चुका शोधत ऐकलं. एकही नव्हती. आणि त्याच सवयीने, काय म्हणतेय ते कळायच्या आत, माझ्या तोंडून गेलं, “या, झेअर गूट.”

काकांनी वही मिटली.

“व्हय,” ते म्हणाले. “मी पण हेच म्हणलो होतो.”

बस आली. ते मागच्या दाराने चढले. सगळी गाडी रिकामी होती, तरी दांड्याला पाठ लावून, पाय फाकवून उभे राहिले. बस गणपती माथ्याकडे वळेपर्यंत मला त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता.